लग्न खरे, शाई नवी

अंबड तालुक्यातील एका उपदेशक बंधूंचे पत्र आम्हांकडे आले आहे. त्यांच्या मंडळीतील एका मुलीचे लग्न दोन वर्षांपूर्वी गावच्या प्रार्थनामंदिरात लागले. नवरा मराठी ख्रिस्ती घराण्यातला, परंतु इंग्लंडात जन्मलेला व तेथीलच नागरिक. महिनाभर राहून तो आपल्या कामावर परत गेला. आता मुलीस त्याच्याकडे कायमचे राहावयास जावयाचे, तर ब्रिटिश सरकारचा व्हिसा पाहिजे. आणि अर्जास लग्नाचा दाखला जोडावयाचा म्हणून रजिस्टर उघडून पाहिले, तो त्या दिवसाची नोंदच नाही. लग्नाच्या दिवशी पाळकांस ताप होता. नोंद उद्या करू असे ते म्हणाले, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

जालना शहरातील एका दलालाने उपाय सांगितला : दोन वर्षांमागची तारीख घालून नोंद करावी, जुन्या शाईसारखी शाई वापरावी, म्हणजे झाले. उपदेशक बंधू विचारतात, “लग्न खरे, तारीख खरी, साक्षीदार जिवंत, नवी आहे ती केवळ शाई. मग यात पाप ते कोणते?”

प्रश्न साधा नाही. जे घडलेच नाही ते घडले म्हणणे हे लबाडीचे उघड रूप होय. येथे तर घडलेलेच लिहावयाचे आहे. शिवाय ज्या दाराशी ही मुलगी उभी आहे ते दार गरिबाकरिता फार अरुंद केलेले आहे, हेही विसरता येत नाही. सन २०१२ च्या जुलैपासून ब्रिटनने असा नियम केला की, परदेशी पत्नीस किंवा पतीस आणू इच्छिणाऱ्याची वार्षिक मिळकत निदान १८,६०० पौंड असावी. ११ एप्रिल २०२४ रोजी हा आकडा २९,००० करण्यात आला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मूळ नियम तत्त्वतः कायदेशीर ठरविला; तथापि अनेक कुटुंबांस त्यामुळे कष्ट होतात हे मान्य केले, आणि मुलांच्या हिताचा विचार त्यात नीट झालेला नाही असेही म्हटले. मजुराचे लग्न सावकाराच्या लग्नापेक्षा कमी प्रतीचे असते काय? आमच्या मते हा नियम कठोर आहे, आणि असे म्हणण्यात आम्हांस संकोच नाही.

याहून वाईट दिवसही होऊन गेले आहेत. १९७९ च्या जानेवारीत लग्नासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय स्त्रीची, ती कुमारिका आहे किंवा नाही, अशी शारीरिक तपासणी करण्यात आली. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हा ती रीत थांबली. पुढे १९९७ पर्यंत असाही नियम होता की, या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करावे. मनातील हेतू कागदावर कसा सिद्ध करावा? आमच्याकडे सोयरीक जुळविताना वडीलधारी मंडळी विचारतात, मुलाला विहीर आहे काय, मोसंबीची झाडे किती, नोकरी कायम आहे की कंत्राटी. तेवढ्यावरून ते लग्न खोटे असे कोणी म्हणत नाही. (म्हटले तर आपल्या जिल्ह्यात खरी लग्ने थोडीच उरतील.)

आणि दोष केवळ परक्यांस देणे बरे नव्हे. आपल्या देशातही नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसास नागरिकत्वाच्या अर्जापूर्वी सात वर्षे येथे राहावे लागते. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड हवे तर नोंदलेले लग्न निदान दोन वर्षे टिकलेले असावे लागते. आणि अर्जदार, त्याचे आईबाप किंवा आजेपणजे पाकिस्तानचे वा बांगलादेशाचे नागरिक असतील तर ते कार्डही मिळत नाही. प्रत्येक देश आपल्या वेशीवर साक्ष मागतोच. साक्ष मागणे हा मुळात अपमान नव्हे. बवाजाने परदेशी रूथेस पत्नी करून घेतले ते बेथलेहेमाच्या वेशीत, दहा वडिलांस बसवून.

वेशीवर पत्नीविषयी खोटे बोलल्याची गोष्टही शास्त्रात आहे. दुष्काळामुळे अब्राम मिसरात शिरू लागला, तेव्हा जिवाच्या भीतीने त्याने सारायेस आपली बहीण म्हणविले. त्याची भीती खोटी नव्हती. आणि तिच्याशी त्याचे तसेही नाते होते, हे आपण पुढे त्याच्याच तोंडून ऐकतो. म्हणजे त्याचेही म्हणणे, शब्द तर खरा! परंतु त्या खऱ्या शब्दाने समोरच्याची फसवणूक झाली, आणि तिचा भार पडला तो सारायेवर. फारोच्या घरी नेली गेली ती.

आता शाईकडे वळू. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यान्वये ज्यास लग्न लावण्याचा वा दाखला देण्याचा परवाना आहे, त्याची नोंद एकाच वेळी दोन गोष्टी सांगत असते : लग्न अमुक दिवशी लागले, आणि हे आम्ही तेव्हाच, साक्षीदारांदेखत लिहिले. मागची तारीख घातली की पहिली गोष्ट खरी राहते, दुसरी खोटी होते. नोंदीचे मोल तर या दुसऱ्या गोष्टीवरच आहे. त्या वहीत केवळ याच मुलीचे नाव नाही. कोणा विधवेचा पेन्शनचा हक्क, कोणा मुलाचा वडिलांच्या एकरभर जमिनीवरील हक्क त्याच वहीवर उभा आहे. एक पान मागाहून घुसडलेले निघाले, तर बाकीच्या पानांवर वकील कोर्टात बोट ठेवील, आणि त्यास उत्तर देता येणार नाही. वही उपदेशकाच्या पेटीत असते, पण ती उपदेशकाची नव्हे.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. ती बंधूंनी ओझरती लिहिली, आम्हांस मात्र ती अधिक जड वाटते. नवऱ्याची मिळकत २५,००० पौंड आहे. तूट भरून काढण्यास त्या नियमाप्रमाणे २६,००० पौंडांची शिल्लक सहा महिने त्याच्या ताब्यात असलेली दाखवावी लागते. ही रक्कम कोणी बक्षीस दिलेली चालते, उसनी चालत नाही. तेथील एक मामा ती “बक्षीस” म्हणून देण्यास तयार आहेत, मात्र व्हिसा हाती पडताच परत करावयाची, असे घरात ठरले आहे. हे बक्षीस नव्हे, कर्ज होय. मामांचे प्रेम खरे आहे, हे आम्ही जाणतो. पण परदेशी गेल्यावर त्या मुलीस व्हिसा वाढविण्यासाठी पुन्हा अर्ज करावयाचा आहे, पुढे कायम वास्तव्यासाठी आणखी एकदा. आणि प्रत्येक वेळी ही गोष्ट ओठांआड धरून बसणार ती तीच. सारायेप्रमाणे.

मग मुलीने दोन वर्षे आणखी वाट पाहावी काय, असे कोणी विचारील. आम्ही घरी बसून हे लिहीत आहो आणि वाट ती पाहणार आहे, हे आम्ही विसरलो नाही. म्हणून बंधूंस इतकेच कळविले : उशिराची नोंद कायद्याप्रमाणे कशी करता येईल हे जालन्यातील वकिलास विचारावे, नोंदीवर आजचीच तारीख घालावी, पाळकांनी आपली चूक स्वतःच्या सहीने लिहून द्यावी, दोन्ही साक्षीदारांनी प्रतिज्ञापत्रे करावीत. लग्नाचे छायाचित्र एकच आहे व तेही अंधुक आहे, तर तेच जोडावे. नवे कपडे घालून जुना दिवस पुन्हा उभा करू नये. नवऱ्याने रोज केलेल्या फोनांची यादी व त्याने पाठविलेल्या पैशांच्या पावत्या या साक्षीही काही लहान नव्हेत. मामांस पैसे खरोखरच देऊन टाकावयाचे असतील तर द्यावेत. नसतील तर नवऱ्याने जादा तासांचे काम पाहावे, आणि तोवर अर्ज थांबवावा.

मागील आठवड्यात बंधूंचे उत्तर आले. पाळकांनी चूक लिहून दिली आहे. लिहिताना त्यांचा हात थरथरत होता, असे ते कळवितात. एक साक्षीदार ऊसतोडीस गेलेला आहे, त्याची वाट पाहत आहेत. मामांचे काय ठरले याविषयी पत्रात काहीच नाही.