उत्तर जुळले का?



दहावीचा बीजगणिताचा पेपर सुटला की परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, कुठल्याही केंद्राबाहेर तेच दृश्य. हातात प्रश्नपत्रिका, मुलींचा घोळका आणि "तुझं किती आलं?" पाच जणींचे 12 आले की जिचे 15 आले तिचा धीर सुटतो. (वास्तविक गणित बहुमताने सुटत नसते.) ती मैत्रिणीला विचारते, "माझं बरोबर आहे ना गं?" मैत्रिणीला चूक स्पष्ट दिसते आहे. भूमितीचा 40 गुणांचा पेपर अजून व्हायचा आहे. अशा वेळी "हो" म्हणणे पाप आहे काय?

संत ऑगस्टीन याबाबत फार कडक आहेत. कुणाचा जीव वाचवण्यासाठीही खोटे बोलू नये, असे त्यांनी सुमारे 395 साली लिहिले. त्याच ग्रंथात थागास्तेचे बिशप फिर्मुस भेटतात. त्यांनी एका माणसाला आश्रय दिला होता. बादशहाच्या शिपायांना ते म्हणाले, आपण खोटेही बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही. छळ झाला, तरी ते डगमगले नाहीत. शेवटी बादशहाने त्या माणसाला माफ केले.

आपल्या मुलीला एवढे सोसायचे नाही. "पायऱ्या लिहिल्यास ना? त्यांचे गुण मिळतात," असे ती म्हणू शकते. हे खरेच आहे. मग दोघींनी भूमितीचे पुस्तक उघडावे.

आम्हाला काळजी मोठ्यांची वाटते. फाटकाशीच "किती पडतील?" असे विचारून आपणच लेकरांना खोटे बोलायला लावतो. घाबरलेले लेकरू नव्वद सांगून मोकळे होते, आणि निकाल लागेपर्यंत त्या नव्वदाचे ओझे एकटेच वाहते.