आडात आहे, पोहऱ्यात नाही

माझ्या मामेबहिणीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा परभणीहून मामांचा फोन आला. गणिताच्या क्लासची फी भरावी की पोरीला चांगला मोबाइल घेऊन द्यावा? दोन्ही जमणार नव्हतं. मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. एका मिनिटात निकाल दिला. "मामा, मोबाइल घ्या. ऑनलाइन सगळं फुकट आहे. शिकायची इच्छा पाहिजे फक्त."

त्याच रात्री तिला चौदा लिंका पाठवल्या. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवरची गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची लेक्चर्स, आयआयटींचं एनपीटेल, खान अकॅडमी, विकिपीडिया, एखादी संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश. यादी चांगली होती. आजही त्यातली एकही लिंक मी काढणार नाही.

तिचा एम-वन राहिला.

मार्चमध्ये घरच्या एका लग्नाला गेलो तेव्हा मामांनी हळूच विचारलं, "सगळं मोबाइलवर आहे म्हणालास ना तू? मग हिच्यातच काही कमी आहे का रे?" ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं.

हा प्रश्न मामांच्या डोक्यात माझ्याच वाक्याने घातला होता. पूर्वी एखाद्याला शिकता आलं नाही तर दोष वाटला जायचा. गावात कॉलेज नाही, लायब्ररीत पुस्तक नाही, मास्तर धड शिकवत नाहीत. 'सगळं उपलब्ध आहे' असं एकदा म्हटलं की दोष द्यायला एकच माणूस उरतो, तो म्हणजे शिकणारा. माहिती फुकट झाली, आणि न शिकणं हा चारित्र्याचा दोष झाला.

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' असं आपण म्हणत आलो. आता आड काठोकाठ भरलाय. पोहरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तरी तो रिकामा वर आला, तर आपण ओढणाऱ्याच्या हातांकडे बघतो. दोर पुरतोय का, हे कुणी बघत नाही.

मी तिच्यासोबत बसलो. तिने आळस केला नव्हता. स्ट्रँग यांची पहिली तीन लेक्चर्स दोनदा बघितली होती, वहीत उतरवली होती. मग एनपीटेल, मग आणखी कुठलं तरी चॅनेल. दर वेळी काही मिनिटांनी एकाच ठिकाणी गाडी अडायची आणि ती नवीन लिंक उघडायची. "काय अडतंय?" मी विचारलं. "तेच तर कळत नाही, दादा. कळलं असतं तर सर्च केलं असतं ना."

ही अडचण फार जुनी आहे. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात मेनो सॉक्रेटिसला हेच विचारतो. जे आपल्याला मुळीच माहीत नाही, ते शोधायचं कसं? आणि समोर आलं तरी हेच ते, हे ओळखायचं कसं? सर्चच्या चौकटीत काहीतरी टाइप करावं लागतं. अडचणीचं नाव ज्याला माहीत आहे, त्यालाच तिचं उत्तर सापडतं. अर्धं काम ते नाव शोधण्यातच असतं, आणि तेवढं कुठलीही साइट करून देत नाही.

सॉक्रेटिस पुढे काय करतो, तेही बघण्यासारखं आहे. तो एका गुलाम मुलाला बोलावतो, चौरस काढतो आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? मुलगा चुकतो, पुन्हा चुकतो, आणि शेवटी कर्णापाशी पोचतो. उत्तर त्याचंच असतं. पण त्याच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असतं.

आम्ही आलेखाच्या कागदावर दोन समीकरणं काढली. क्ष अधिक य बरोबर पाच, क्ष वजा य बरोबर एक. दोन रेषा, तीन आणि दोन या बिंदूत छेदणाऱ्या. समीकरण म्हणजे रेषा, हे तिला माहीत होतं. पण मॅट्रिक्स म्हणजे हीच समीकरणं ओळीने मांडलेली, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, आणि पुढचं सगळं ते गृहीत धरून जात होतं. दोर एवढाच कमी पडत होता. वीतभर.

मी स्वतः बायोडेटात 'सेल्फ-टॉट' लिहितो. आता तो शब्द खटकतो. हॉस्टेलला समोरच्या खोलीतला सीनियर "ते सोड, आधी हे बघ" असं रोज म्हणायचा. त्या वाक्याचं सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणून मी ते हिशेबात धरलंच नाही. आणि खान अकॅडमीची सुरुवात तरी कशी झाली? 2004 मध्ये सलमान खान (सिनेमातला नव्हे) नोकरी सांभाळून दूरच्या शहरातल्या नात्यातल्या एका बहिणीला फोनवरून गणित शिकवायला लागला. ती एककांच्या रूपांतरापाशी अडली होती. व्हिडिओ नंतर आले, संस्था 2008 मध्ये. माझ्या चौदा लिंकांपैकी एक अशी एका फोनमधून जन्मली होती, आणि मी मात्र लिंक पाठवून फोन टाळला.

कुणी म्हणेल, काहीजण खरंच एकट्याने शिकतात. शिकतात. त्यावरून आडात पाणी आहे एवढंच सिद्ध होतं. बाकीच्यांना मोजायची ती पट्टी नव्हे. कुणी असंही म्हणेल, शेजारी बसून शिकवलं तर ते स्वतंत्र शिकणं कसलं? मला वाटतं, स्वतंत्र शिकणं म्हणजे एकटं शिकणं नव्हे. आपण कुठे अडलोय हे ज्याला सांगता येतं, तो स्वतंत्र. तिथवर सोबत करणं हे ज्याला येतं त्याचं देणं आहे. लिंक पाठवून ते फिटत नाही, हात मात्र झटकून होतात.

आता मी तिला आठवड्याला एकच लिंक पाठवतो, कितव्या मिनिटापासून बघायचं ते लिहून. रविवारी फोन करतो. मामांना मी सांगितलंय की चूक माझ्या सल्ल्यात होती. त्यांना ते पटलंय की नाही, त्यांच्या 'बरं' वरून कळलं नाही.

परवा रात्री तिचा मेसेज आला. "दादा, डिटरमिनंट शून्य आला म्हणजे रेषा समांतर असतात का?"

मी लिहिलं, "असतात. किंवा एकमेकींवर बसलेल्या. कधी काय, ते तूच काढून बघ."

फेरपरीक्षा अजून व्हायची आहे.