ढोल आणि राजवारसा

राज्य गेले म्हणजे राजवैभवही गेले, असा सामान्य समज आहे. तो खरा असता, तर 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे गोंड राज्य गिळल्यावर त्या राजांचे नावही लोपले असते. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, झरी जामणीच्या रानपट्टीत दिवाळीच्या सुमारास गोंडांची दंडार उभी राहते, मोरपिसांचे मुकुट ल्यालेले घुसाडी नाचू लागतात, आणि त्या सर्वांस चालविणारा असतो ढोल. पोकळ लाकूड आणि ताणलेले कातडे, याहून त्यात अधिक काही नाही.

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. आफ्रिकेतील झुलूंचे राज्य इंग्रजांनी 1879 मध्ये मोडले. त्यांच्या योद्ध्यांस तर ताल धरण्यास कातड्याची ढाल आणि काठी एवढेच पुरत असे. तरीही त्यांच्या राजसमारंभांत पूर्वजांची स्तुती गाणारा भाट अद्याप उभा राहतो. तट पडतात, खजिने लुटले जातात. परंतु जे माणसाच्या हातांत आणि कंठांत आहे, ते जिंकणाऱ्यास नेता येत नाही.

मग हा वारसा कोणाचा, असा प्रश्न उभा राहतो. गोंड कुळांच्या कथा आणि वंशावळी परधानांनी पिढ्यान्‌पिढ्या किंगरीवर गाइल्या. उत्सवाची वाद्ये वाजविण्याचे कामही परंपरेने त्यांच्याकडे आले. तथापि त्याच परधानांच्या हातचे अन्न राजगोंडांनी घेऊ नये, असा जुना रिवाज होता. त्यांस धान्य मिळे, वस्त्र मिळे, प्रसंगी गुरेही मिळत, हे खरे. म्हणून अन्याय झाला नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. दानाने मजुरी फिटते, ऋण फिटत नाही. ज्याच्या मुखाने आपण आपले पूर्वज ओळखतो, त्यास पंगतीबाहेर बसविणे म्हणजे पूर्वजांसच बाहेर बसविणे होय.

हा दोष एकट्या गोंडांचा नव्हे. ज्या हातांनी वाजंत्री वाजवून आमची लग्ने लागली, त्या हातांस आम्हीही ओटीवर घेतले नाही. आज आम्ही ढोल काचेच्या कपाटात जपू पाहतो. तो अवश्य जपावा. परंतु वाद्यास मान आणि वादकास उंबरठा, ही रीत जोवर टिकेल, तोवर वारशाचा अभिमान सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही.