मरीबाचें पाणी

शास्त्रपाठ : गणना २० : १-१३.



मोठ्या संकटांत विश्वासणारा मनुष्य बहुधा सांवरतो. घरांत मरण आलें, पीक बुडालें, दुखणें जडलें, म्हणजे मंडळी जमते, प्रार्थना होते, आणि दुबळ्याच्याहि अंगीं बळ येतें. पण एस. टी. दोन तास आली नाहीं, शिधावाटप दुकानांत यंत्रावर अंगठा उमटला नाहीं, शेताची वीज मध्यरात्रीं आली आणि घटकाभरांत गेली, अशा वेळीं कोण गुडघे टेकतो? तेथें प्रार्थनेची आठवणच होत नाहीं.

मोशेचेंच पाहा. जो फारोसमोर उभा राहिला, ज्याच्या पुढें समुद्र व मागें रथ असतां जो स्थिर राहिला, ज्यानें सोन्याच्या वासराच्या प्रसंगीं प्रजेसाठीं देवाजवळ रदबदली केली, त्याच्या नम्रतेची साक्ष ह्याच पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत आहे. असा हा पुरुष शेवटीं कशावरून अडखळला? पाण्याच्या तक्रारीवरून. वचनदत्त देशांत त्याला पाऊल टाकतां आलें नाहीं, तें ह्या एका दिवसामुळें.

कादेशांत नुकतीच मिर्याम वारली होती. तिला तेथें पुरलें, एवढेंच शास्त्र सांगतें. बहिणीसाठीं भावांनीं शोकाचे दिवस पाळले असा उल्लेख तेथें नाहीं. पुढच्याच वचनांत पाणी नाहीं, आणि लोक भांडावयास उभे आहेत. कोणाला अंजीर आठवले, कोणाला द्राक्षें, कोणाला डाळिंबें. मला तर मोशेची दयाच येते. तरी प्रथम त्यानें योग्य तेंच केलें. तो व अहरोन मंडपाच्या दाराशीं जाऊन पालथे पडले. तेथें त्यांना आज्ञा झाली कीं, काठी घ्यावी, लोकांना जमवावें, आणि खडकाशीं बोलावें.

आतां येथें एक गोष्ट लक्षांत घ्या. मीं हा अध्याय पुष्कळ वर्षें वाचला, सेमिनरींत त्यावर परीक्षाहि दिली, पण ती माझ्या नजरेंतून सुटली होती. देवाच्या त्या बोलण्यांत लोकांवर रागाचा एकहि शब्द नाहीं. तहानलेल्यांना व त्यांच्या गुरांना पाणी पाजावें, एवढेंच त्यांत आहे. राग होता तो मोशेचा. त्यानें लोकांना बंडखोर म्हणून हांक मारिली, आम्हीं तुमच्यासाठीं पाणी काढावें काय असें विचारिलें, आणि खडकावर दोनदां काठी मारिली. पूर्वीं रफीदीम येथें खडकाला मारण्याचीच आज्ञा होती. हाताला ती ओळख होती म्हणा. पाणी आलें, आणि विपुल आलें. मेंढपाळाच्या रागापायीं देवानें कळपाला तहानलेलें ठेविलें नाहीं. तथापि त्या दिवशीं लोकांनीं काय पाहिलें? देव आपणांवर संतापला आहे, असें पाहिलें. आणि तें खरें नव्हतें. लोकांच्या देखत माझें पावित्र्य राखिलें नाहीं, असा जो दोष देवानें मोशेला लाविला, त्याचा अर्थ मला असा दिसतो.

मंडपाचें दार आणि तो खडक ह्यांमध्यें अंतर तें किती असेल? तेवढ्यांत प्रार्थना मागें राहिली आणि राग पुढें गेला.

हें अंतर मला ठाऊक आहे. आपल्याकडे पाण्याचे हाल नवे नाहींत. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगणारे वृद्ध अजून आमच्या मंडळींत आहेत, आणि २०१६ सालीं मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें आपणां सर्वांना आठवतें. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या गांवीं टँकर एक दिवसाआड येई. एका रविवारीं पहांटे मीं नंबराला हंडे लाविले आणि मंदिरांत जाऊन प्रार्थना केली. परत येऊन पाहतों तों शेजारच्या आळींतल्या एका म्हाताऱ्या बाईनें आपला ड्रम माझ्या हंड्यांपुढें सरकविलेला. उपासनेला अर्धा तास उरला होता. मी काय बोललों तें येथें लिहीत नाहीं. ती शिवी नव्हती, पण शिवीहून बरें असेंहि कांहीं नव्हतें. ड्रम मीं हातानें लोटला, तो आडवा झाला, आणि तळाशीं होतें तें पाणी मातींत गेलें.

तिचा नातू जवळच उभा होता. तो ख्रिस्ती घरचा नव्हे. चार महिने तो आपण होऊन आमच्या शब्बाथशाळेंत येत असे. दाविदाची गोष्ट त्याला तोंडपाठ होती. त्या दिवशीं तो आला नाहीं. पुढच्या रविवारींहि नाहीं. त्या सकाळीं मीं सोशिकपणावर उपदेश केला, आणि तो चांगला झाला असें लोकांनीं मला सांगितलें.

नंबर माझा होता, ही गोष्ट खरी. मोशेचीहि गोष्ट खरीच होती. लोक कुरकुर करणारेच होते. आपली बाजू खरी असते तेव्हांच आपण अधिक सांभाळावें, कारण तेव्हां आपला राग आपणांस नीतीसारखा दिसूं लागतो.

आपला प्रभूहि पाण्यासाठीं एका विहिरीपाशीं बसला होता. सूखाराजवळ, भर दुपारीं, वाटचालीनें थकलेला. विहीर खोल, आणि जवळ पोहरा नाहीं. शोमरोनी स्त्रीजवळ त्यानें पाणी मागितलें, तर तिनें जातीचा प्रश्न काढिला. तें पाणी त्याला मिळालें असें योहानानें कोठें लिहिलेलें नाहीं. ती घागर तेथेंच ठेवून गांवांत गेली. पण त्या तहानेच्या वेळीं त्यानें तिला पित्याविषयीं जें सांगितलें, तें आपण आजपर्यंत वाचीत आहों.

एका रात्रीं हें वाचीत असतां माझ्या मनांत प्रश्न आला कीं, त्या सकाळीं देव त्या बाईवर रागावला होता काय? उत्तर शोधावें लागलें नाहीं. आतां मी टँकरपाशीं उभा असतां, डोळे उघडे ठेवून, हाच प्रश्न पुढल्या मनुष्याविषयीं प्रभूला विचारतों. राग येणें थांबलेलें नाहीं. तुम्हीहि तलाठ्याच्या ओट्यावर ताटकळत असतां विचारून पाहा.

दुसऱ्या दिवशीं भरलेला हंडा घेऊन मी तिच्या घरीं गेलों. "आजी, त्या दिवशीं माझें चुकलें. तुमचें पाणी मीं सांडलें," असें म्हणालों. तिनें हंडा उतरवून घेतला आणि म्हणाली, "अवं बाबा, टँकर आला की समदीच वरडत्यात. तुमीबी वरडला, म्हून पोराला नवाल वाटलं, दुसरं काय?"

मुलगा दाराआड उभा होता. मीं त्याचीहि क्षमा मागितली. लहान मुलाची क्षमा मागण्याची मला संवय नाहीं; शब्द नीट आले नाहींत. तो कांहीं बोलला नाहीं.

पुढच्या रविवारीं तो आला नाहीं. त्यापुढल्या रविवारीं आला, आणि सतरंजीच्या कडेला, दाराजवळ बसला.