पिसोरीचे हित कोणते?

सशाहून थोडीच मोठी, बिनशिंगांची, अंगावर पांढुरके ठिपके असलेली पिसोरी आपल्या सह्याद्रीतही राहते. पण ती पाहिलेला मनुष्य विरळाच. हैदराबादेत नेहरू प्राणिसंग्रहालय आणि वन्यजीव-संवर्धनासाठी झटणारी ‘लॅकोन्स’ ही प्रयोगशाळा ह्यांनी २०१० साली तिची पैदास आरंभिली. २०१७ साली तेथे वाढलेल्या काही पिसोऱ्या नल्लमलाच्या डोंगरांतील अमराबादच्या व्याघ्र-राखीव अरण्यात नेल्या. आधी कुंपणात ठेवून त्यांना रानाची सवय करून दिली.

ज्या जिवाला आपण वेळेवर चारा घातला, त्यालाच बिबट्याच्या वाटेवर सोडणे हे दयेचे की क्रौर्याचे? जातीच्या हितासाठी, असे उत्तर मिळते. पण ‘जाती’ला भय वाटत नाही; मरते ती एकेक पिसोरी. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

तरीही पिंजऱ्यातील निर्भयता हेच तिचे हित, हे ठरविले कोणी? पाचोळ्यात दबून बसणे, अंधार पडल्यावर गळलेली फळे हुंगत फिरणे, चाहूल लागताच थिजून जाणे, हे तिचे सारे शहाणपण रानासाठीच घडले आहे. बिबट्याच नसेल तेथे लपायचे कोणापासून?

मात्र तिला ह्या धोक्यात आपण घातले. तेव्हा ती जगली काय, तिला पिले झाली काय, ह्याचा शोध वर्षानुवर्षे घेणे आपल्याकडे लागते. संशोधनावरील खर्चाला चैन म्हणणाऱ्यांना माझे एवढेच विचारणे आहे : लेक सासरी धाडल्यावर तिची खबर घेणे ही चैन असते काय?