दोन गाद्या

लासूर स्टेशनावर मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसलं की पश्चिमेकडची रानं दिसतात. त्याच बाजूला, वैजापूरच्या अलीकडे, पालखेड. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावानं निजामाला तिथं दाणापाणी तोडून कोंडलं. तोफा मागं पडलेल्या, जनावरं तहानेनं व्याकूळ. फेब्रुवारीअखेर इथल्या विहिरी कसा तळ दाखवतात हे ज्यानं पाहिलंय, त्याला ही लढाई समजावून सांगावी लागत नाही.

भांडणाचं मूळ दोन गाद्यांत होतं. साताऱ्यात शाहू, कोल्हापुरात संभाजी. चौथाई नक्की कुणाची ते आधी ठरू द्या, म्हणत निजामानं पैसा अडवला आणि स्वतःच पंच होऊन बसला. भावाभावांच्या वाटणीत असा पंच आपल्याकडे अजून भेटतो. खळं त्याच्याच दारात पडतं.

गाद्या आधीच एक झाल्या असत्या तर? स्पेनच्या इतिहासातही हा प्रश्न आहे. कॅस्टिलची इसाबेल आणि आरागॉनचा फर्नांडो यांचं लग्न १४६९ चं. पण त्याआधी ३६० वर्षं, ११०९ मध्ये, कॅस्टिलची राणी उर्राका आणि आरागॉनचा आल्फोन्सो यांचंही लग्न लागलं होतं. संसार लढाईवर गेला, रक्ताच्या नात्याची आडकाठी घालून चर्चनं तो मोडला. ते लग्न टिकलं असतं तर स्पेन लवकर एक झाला असता, असं म्हणणं सोपं आहे. पण ते मोडलं म्हणून ११३७ मध्ये आरागॉनची तान्ही वारस बार्सिलोनाच्या घराण्यात दिली गेली, आणि डोंगरातलं राज्य समुद्राला लागलं.

आपल्याकडेही १७४० मध्ये नानासाहेब पेशव्यानं संभाजीशी गुपचूप करार केला होता: शाहूनंतर दोन्ही गाद्या एक. १७४९ मध्ये शाहू गेला, साताऱ्यात रामराजा बसला, करार कागदावरच राहिला. मला पूर्वी याची हळहळ वाटे. आता तेवढी वाटत नाही. साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केली. एकच गादी असती तर कोल्हापूरही त्याच फटक्यात गेलं असतं. मग २६ जुलै १९०२ ला मागासांसाठी निम्म्या जागा राखणारा हुकूम काढायला कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंना दरबार कुठला?

पालखेडनंतर मुंगी-शेवगावला तह झाला. निजामाच्या आसऱ्याला असलेल्या संभाजीला आमच्या ताब्यात द्या, ही बाजीरावाची मागणी निजामानं मानली नाही. त्याला पन्हाळ्याला सुखरूप पोचवायचं, एवढंच ठरलं.