पंचांचा निकाल आणि प्रेक्षकांचा न्याय

खेळात पंच नेमावा लागतो, तो दोन्ही पक्षांस आपलीच बाजू खरी दिसते म्हणून. ही गोष्ट खेळ सुरू होण्यापूर्वी सर्वांस मान्य असते. निकाल जाहीर झाल्यावर मात्र हरलेल्या पक्षास तिचा विसर पडतो. मग पंच आंधळा ठरतो, विकला गेलेला ठरतो, निदान आपल्या माणसाचा वैरी तरी ठरतो. हा अनुभव इतका नित्याचा आहे की त्यावर विचार करण्याचे कोणास फारसे कारण वाटत नाही. खेळातला राग खेळाबरोबर संपतो, असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. परंतु अलीकडे हा राग खेळाबरोबर संपेनासा झाला आहे. आणि आखाड्याभोवती उभा राहून माणूस जी वृत्ती दाखवितो, तीच तो पुढे न्यायालयात, परीक्षेच्या निकालापुढे व निवडणुकीनंतरही दाखवितो, असे आम्हांस वाटते. यास्तव हा प्रश्न नीट मांडून पाहणे अवश्य आहे. पंचाचा निकाल चुकला असे प्रामाणिकपणे वाटत असता प्रेक्षकाने काय करावे, आणि काय करण्याचा त्यास अधिकार नाही?

या प्रश्नाचे उदाहरण शोधण्यास आम्हां सोलापूरकरांस दूर जावयास नको. 'महाराष्ट्र केसरी' हा किताब १९६१ साली औरंगाबादेस दिनकर दह्यारी यांनी प्रथम जिंकला. तेव्हापासून मराठी मुलखातील पैलवानास याहून मोठा मान ठाऊक नाही. या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात व दोहोंचे विजेते अखेरीस मानाच्या गदेसाठी एकमेकांशी लढतात. जानेवारी २०२३ मध्ये, संक्रांतीच्या सुमारास, पुण्यास कोथरूड येथे ही स्पर्धा झाली. त्या वर्षी माती विभागाच्या अखेरच्या कुस्तीत समोरासमोर आलेले दोघेही पैलवान आमच्याच जिल्ह्याचे होते : एक मोहोळचा सिकंदर शेख आणि दुसरा मंगळवेढे तालुक्यातील महेंद्र गायकवाड. महेंद्रने बाहेरची टांग लावली, पंचांनी त्यास चार गुण दिले आणि तो विजयी झाला. पुढे गदेच्या कुस्तीत शिवराज राक्षे याने महेंद्रला हरविले. परंतु लोकांच्या तोंडी राहिली ती गदेची कुस्ती नव्हे. राहिले ते चार गुण.

नियम असा आहे : उभ्याने लढताना प्रतिस्पर्ध्यास नुसते खाली घेऊन ताबा मिळविला तर दोन गुण मिळतात, त्याच डावात त्याची पाठ जमिनीकडे कलून धोक्याच्या स्थितीत आली तर चार. पाठ जमिनीशी काटकोनाहून लहान कोन करते की नाही, एवढ्यावर सारी भिस्त असते. सिकंदरच्या चाहत्यांचे म्हणणे असे की त्याची पाठ तशी कललीच नव्हती. त्या एका क्षणाचे चित्र मोबाईलच्या पडद्यावर घरोघर पुनःपुन्हा पाहिले गेले. ज्यांनी आयुष्यात कधी लंगोट कसला नाही त्यांनीही कोन मोजले. येथवर कोणाचे काही बिघडले नाही. परंतु पुढे पंचांपैकी एकास दूरध्वनीवरून धमकी आली व प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. कित्येकांनी तर पैलवानाच्या धर्माकडे बोट दाखवून निकालाचे कारण तेथेच शोधले.

जुन्या फडातील प्रेक्षकाची स्थिती निराळी होती. जत्रेतील निकाली कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीस टेकले म्हणजे कुस्ती संपली. पाठीस लागलेली माती साऱ्या गावास दिसे. वाद तेथेही होत. बरोबरीत सोडविलेल्या कुस्तीवरून तर हमखास होत. परंतु पंच म्हणून उभा असलेला वस्ताद सर्वांच्या ओळखीचा असे आणि त्यास शिवी देणाऱ्यास दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच्यासमोरून जावे लागे. आता हार-जीत गुणांवर ठरते, गुण नियमांच्या बारकाव्यावर ठरतात आणि ते बारकावे बहुतेक प्रेक्षकांस ठाऊक नसतात. उलट चित्र मात्र सर्वांस दिसते. नियम ठाऊक नाही पण चित्र पाहिले आहे, अशा स्थितीत माणसाचा आत्मविश्वास फार वाढतो. त्यातच शिवी देणारा दूर बसलेला व निनावी असल्याने पूर्वीची लाजही उरली नाही.

तथापि प्रेक्षकांचा राग निव्वळ पोरकट म्हणून टाकून देणे आम्हांस योग्य वाटत नाही. सिकंदरच्या बापाने हमाली करून मुलास पैलवान केले, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. दूध, तूप, बदाम यांचा रोजचा खुराक गरीब घरास किती जड जातो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस एका कुस्तीची किंमत सांगावयास नको. किताबाबरोबर बक्षीस येते, पुढच्या फडांतील बिदागी वाढते आणि क्वचित सरकारी नोकरीची वाट उघडते. असा निकाल खरोखर चुकला तर घराची वर्षानुवर्षांची मेहनत एका क्षणात वाया जाते. अन्याय दिसत असता जो शांत बसतो तो सज्जन असे आम्ही मानीत नाही. ज्याच्या पोटात काहीच कालवत नाही तो खेळाचा खरा रसिकही नव्हे. राग येणे हा दोष नाही. पण त्या रागास आपण कोणत्या वाटेने जाऊ देतो, हे पाहिले पाहिजे.

'पाचामुखी परमेश्वर' अशी आपली म्हण आहे. तिचा अर्थ पंच कधी चुकत नाही असा कोणी घेत असेल तर तो भ्रम होय. आपल्या पूर्वजांस पंच चुकतो हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी एक शहाणपणाची चाल पाडली होती. मराठेशाहीत वाद पंचायतीपुढे गेला म्हणजे सुनावणीपूर्वी दोन्ही पक्षांकडून 'राजीनामा' लिहून घेत. आज या शब्दाचा अर्थ नोकरी सोडल्याचा कागद असा झाला आहे. तेव्हाचा अर्थ, पंच जो निवाडा करतील तो आम्हांस राजीखुशीने मान्य राहील, असा होता. निवाडा झाल्यावर हरलेला पक्ष 'येजितखत' लिहून देई. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की संमती आधी घेतली जात असे, निकाल कळल्यावर नव्हे. निकाल पाहून मग दिलेली संमती ही संमतीच नव्हे. ज्याचा लाभ झाला तो ती देणार आणि ज्याची हानी झाली तो नाकारणार, हे सांगावयास पंच कशाला हवा?

यावर कोणी म्हणेल, 'राजीनामा पैलवान देतो. आम्ही तर तिकीट काढून आलेले लोक.' हे खरे आहे. त्यामुळेच प्रेक्षकास पैलवानाहून अधिक मोकळीक आहे. निकाल चुकला असे त्याने खुशाल म्हणावे, नियमाचा आधार देऊन लिहावे, चारचौघांत वाद घालावा. निकाल अंतिम मानणे आणि निकाल बरोबर मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवाचून खेळ चालत नाही, दुसरीची सक्ती कोणावर करता येत नाही. परदेशातील मोटारींच्या शर्यतींत याचे उदाहरण घडले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये अबू धाबीच्या शर्यतीत अपघातामुळे मोटारींचा वेग रोखून धरला असता शर्यतीच्या संचालकाने त्या पुन्हा मोकळ्या सोडताना जो निर्णय घेतला, त्यामुळे अखेरच्या फेरीत व्हर्स्टॅपेन याने हॅमिल्टनला मागे टाकून जगज्जेतेपद मिळविले. पुढे २०२२ च्या मार्चमध्ये नियामक संस्थेनेच चौकशी करून मानवी चूक झाल्याचे सांगितले; निकाल मात्र कायम राहिला. चूक कबूल झाली आणि निकालही टिकला, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. पण त्याच शर्यतीत ज्या लतीफी नावाच्या चालकाची मोटार भिंतीवर आदळल्याने हा प्रसंग उद्भवला, त्यास लोकांकडून जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्या बिचाऱ्याने ना नियम मोडला होता, ना निकाल दिला होता.

येथे प्रेक्षकाच्या न्यायाचे खरे वैगुण्य उघड होते. 'निकाल चुकला' येथून 'पंच अप्रामाणिक आहे' येथवर तो एका उडीत जातो, आणि तेथून 'त्यास धडा शिकविला पाहिजे' हे तर पुढचेच पाऊल. वस्तुतः चूक हा लबाडीचा पुरावा नव्हे. पंच लबाड असू शकतो. पण ते सिद्ध करण्यास वेगळा पुरावा लागतो, आणि तो सापडल्यास त्याची दाद मागण्याची जागाही वेगळी असते. पंचाने एका बाजूने, एका क्षणात, दोन घामाघूम देहांच्या गुंत्यातून जे पाहिले, ते आपण सावकाश, पुनःपुन्हा आणि मुख्य म्हणजे आपला माणूस आधी निवडून पाहत असतो. आपल्या पाहण्यातील हा पक्षपात आपणांस दिसत नाही, म्हणून तो पंचाच्या पाहण्यात आहे असे वाटते. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण प्रत्येक सभेत आदराने घेतो. परंतु त्यांचा निकाल राघोबादादांविरुद्ध होता, आपल्याविरुद्ध नव्हता, हेही त्या आदराचे एक कारण असावे.

या साऱ्या गोंगाटात ज्याची हानी कोणी मोजीत नाही तो म्हणजे विजयी पुरुष. जून २०१९ मध्ये कॅनडातील माँट्रिऑल येथे मोटारींच्या शर्यतीत व्हेटेल सर्वांत आधी पोचला. पण वाट सोडून गवतावर गेलेली मोटार त्याने धोकादायक रीतीने परत आणली, असे ठरवून पंचांनी त्यास पाच सेकंदांचा दंड केला व विजय हॅमिल्टनकडे गेला. रागाच्या भरात व्हेटेलने मोटारींपुढील पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाच्या पाट्यांची अदलाबदल केली, आणि लोकांनी हॅमिल्टनची हुर्यो उडविली. परंतु त्याच व्हेटेलने लोकांस सांगितले की हॅमिल्टनची हुर्यो उडवू नका, राग धरावयाचा तर निर्णयावर धरा. संतापलेल्या माणसासही व्यक्ती आणि निर्णय यांतील भेद राखता येतो, याचे हे चांगले उदाहरण होय. महेंद्र गायकवाड याने तरी काय केले होते? त्याने डाव टाकला. गुण त्याने स्वतः घेतले नव्हते. तरीही त्याच्या त्या वर्षीच्या यशावर संशयाची जी छाया पडली, ती पुसण्याचे साधन त्याच्या हाती नव्हते.

पुढे काळाने मोठा विलक्षण फेरा घेतला. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथील वाडिया पार्कात पृथ्वीराज मोहोळ याच्याशी लढताना शिवराज राक्षे चीत झाल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले खांदे टेकलेच नव्हते असे सांगत त्याने पंचाची गचांडी धरली व त्यास लाथ मारली. त्यानंतर गदेच्या कुस्तीत काही सेकंद उरले असता पंचांच्या निर्णयावर रुष्ट होऊन आखाडा सोडून गेला तो महेंद्र गायकवाडच. दोघांवरही तीन वर्षांच्या बंदीची शिक्षा जाहीर झाली. २०२३ साली ज्या महेंद्रच्या चार गुणांवरून पंचांस शिव्या मिळाल्या, तोच दोन वर्षांनी पंचांकडून आपणावर अन्याय झाला असे मानून निघून गेला. त्या दोन्ही प्रसंगी आपण काय बोललो हे प्रत्येक सोलापूरकराने स्वतःस विचारून पाहावे. पहिल्या वेळी 'पंचांचा शब्द अखेरचा' म्हणणारा दुसऱ्या वेळीही तेच म्हणाला काय? पहिल्या वेळी चित्रातला कोन मोजणाऱ्याने दुसऱ्या वेळीही तेवढ्याच आस्थेने चित्र पाहिले काय? दोन्ही पैलवानांची नावे मनातल्या मनात बदलून पाहावीत आणि तरीही आपले मत तेच राहिले, तर ते मत खुशाल मोठ्याने सांगावे.

पंचांकडेही मागणे आहेच. तीन पंचांपैकी दोघांचे एकमत झाले की निर्णय होतो, आणि मार्गदर्शकाने आव्हान दिल्यास चित्रफीत पुन्हा पाहण्याची सोय नियमात आहे. पण लोकांचा संशय वाढतो तो बहुधा मौनामुळे. गुण कोणत्या नियमान्वये दिले, चित्रफितीत काय दिसले, हे तेथल्या तेथे ध्वनिक्षेपकावरून चार वाक्यांत सांगितले तर निम्मा गोंगाट खाली बसेल. जो निकाल देतो त्याने कारण देणे हे त्याच्या मानास कमीपणा आणणारे नाही. आखाडा भरविणाऱ्या संस्थांनी यास थोडा वेळ व खर्च अवश्य द्यावा. आपण चुकलो असे आढळल्यास ते जाहीर म्हणण्याचे धैर्यही दाखवावे.

सिकंदर शेख याने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथे शिवराज राक्षे यास हरवून गदा मिळविली, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्यामुळे सारे ठीक झाले असे म्हणण्याचा मोह होतो; पण दुसरी संधी प्रत्येकास मिळत नाही, आणि न्याय असा योगायोगावर सोपवूनही चालत नाही. आमचे म्हणणे एवढेच की पुढच्या वेळी घरात बसून कुस्ती पाहताना, सलामी झडण्यापूर्वीच, आपला राजीनामा मनाशी लिहून ठेवावा. बाजूस बसलेली मुले डाव तर पाहतच असतात. निकाल विरुद्ध गेल्यावर घरातील वडील माणसे काय बोलतात, हेही ती ऐकत असतात.